ह्युमिडॉर दुरुस्तीला देताय? आधी आतल्या लाकडाचे फोटो काढून ठेवा

आजोबा बोटीवर होते, त्यांनी लंडनहून आणलेला ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलसर ठेवायचा लाकडी डबा, माझ्याकडे आला तेव्हा बाहेरचं पॉलिश उडालेलं, एक बिजागरी सैल, पण आतलं लाकूड एकदम शाबूत. आत स्पॅनिश सीडर असतं. नाव सीडर असलं तरी झाड महोगनीच्या कुळातलं, ओलावा धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून तर सिगार कोरडे पडत नाहीत. आमच्या डब्याच्या तळाला कोपऱ्यात राळेचा एक काळसर डाग होता, लहानपणापासून बघितलेला.

जुन्या फर्निचरचं काम करणारा एकजण ओळखीतून मिळाला. बाहेरून पॉलिश, बिजागरी आणि आत एक काढता येणारा ट्रे, एवढंच काम. १४,००० ठरले, ९,००० आधी दिले. तीन आठवडे सांगून अडीच महिने लावले, पण डबा आला तो इतका चकाचक की मी उरलेले पैसे तिथल्या तिथे देऊन टाकले.

घरी आल्यावर बघतो तर झाकणातल्या हायग्रोमीटरचा (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) काटा बरोब्बर ७० टक्क्यांवर, आणि मी आत अजून पाण्याचा थेंब ठेवला नव्हता! शंका आली म्हणून मिठाची टेस्ट केली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन नुसतं ओलं करायचं आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं, सकाळी ७५ दिसायला पाहिजे. ह्याचे ७०. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांत ठेवला तरी ७०. काटा चिकटवलेला होता.

मग लाकूड मुरवायला आत वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवलं, तर पाचव्या दिवशी तळ कडेने फुगला, वरचा पापुद्रा सुटला आणि खालून एमडीएफ निघालं, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. राळेचा डाग कुठेच नाही. म्हणजे खरं लाकूड उचकटून घेतलं, विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) मारलेलं एमडीएफ बसवलं आणि वासासाठी वरून सीडरचं तेल चोळलं. फोन केला तर म्हणे "साहेब, जुनं किडलं होतं, फेकून दिलं." न विचारता? खूप भांडल्यावर ४,००० परत आले, लाकूड नाही.

तुम्ही देणार असाल तर आधी आतून सगळीकडचे फोटो काढा, रेषा आणि डाग दिसतील असे, आणि हायग्रोमीटर घरीच ठेवा. आतूनही पॉलिश मारतो म्हणणाऱ्याकडे डबा देऊच नका, आतलं लाकूड कोरंच लागतं, नाहीतर ओलावा घेणार कसं आणि वर सिगारला थिनरचा वास. परत घेताना आत मोबाईलचा टॉर्च ठेवून अंधारात झाकण लावा, फटीतून उजेड आला तर झाकण नीट बसलेलं नाही. ट्रे उचलून फळीची कड बघा, लाकडाच्या रेषा कडेपर्यंत जातात, एमडीएफची कड दाबलेल्या भुशासारखी दिसते. आणि हे सगळं बघून होईपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका.

झाकणाच्या आतली फळी तेवढी त्याने काढली नव्हती, तिला अजून तोच जुना सीडरचा वास आहे. बाकीच्या बाजूंसाठी तसंच लाकूड शोधतोय.