टॅलीप्राइम सिल्व्हर: खानदेशात स्वतःचं हिशेबाचं काम सुरू करणाऱ्याला परवडतं का?

अकाउंटिंग टेक्निशियनचं सर्टिफिकेट हातात आलं आणि नोकरीऐवजी स्वतःच कामं घ्यायची ठरवली, की जळगाव-धुळ्याकडे पहिला सल्ला ठरलेला: टॅलीचं लायसन घेऊन टाक. सल्ला बरोबर आहे, फक्त घाईचा आहे. मोठ्या कंपनीच्या अकाउंट विभागाला टॅली कसं पडतं हा प्रश्न इथे नाही. दहा-बारा व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिणाऱ्या एकट्या माणसाच्या नजरेतून हे परीक्षण आहे.

आधी पैसा. सिल्व्हर म्हणजे टॅलीप्राइमचं (टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या नव्या रूपाचं) एका कॉम्प्युटरवर एकाच माणसाने वापरायचं कायमचं लायसन. किंमत २२,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २६,५५०. नव्या माणसाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असते, म्हणून तो स्वतः जीएसटीत नोंदलेला नसतो. त्यामुळे वरचे ४,०५० रुपये परत मिळत नाहीत, खर्चातच धरायचे. भाड्याने घेतलं तर महिन्याला ७५० अधिक टॅक्स, म्हणजे ८८५. भागाकार केला की ३० महिन्यांत कायमचं लायसन वसूल झालंसं वाटतं, आणि विकणाराही तेच गणित मांडतो. दुसऱ्या वर्षापासून लागणारी टीएसएसची (टॅली सॉफ्टवेअर सर्व्हिसेसची) वर्गणी त्यात धरलेली नसते. अपडेट आणि ऑनलाइन सोयी या वर्गणीवर चालतात. ती टॅक्ससह वर्षाला ५,३१०. ती धरली तर चार वर्षं पूर्ण होतात तेव्हा दोन्हीकडचा खर्च सारखा होतो: ४२,४८० रुपये. (दर बदलत असतात, घ्यायच्या दिवशीचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करावं.) वर्गणी थांबवली तरी प्रोग्राम बंद पडत नाही, पण जीएसटीचे तक्ते बदलत राहतात आणि जुन्या रिलीजवर बसून ते हाताने भरत बसणं परवडत नाही.

म्हणून पहिलं वर्ष भाड्याने काढावं हे उत्तम. त्याच्याही आधी हात बसवायचा असेल तर एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंदी होतात. सरावाला तेवढं पुरतं, गिऱ्हाइकाच्या कामाला नाही. बाजारात 'क्रॅक' फिरतं त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्याचा हिशेब सांभाळणाऱ्याने चोरीच्या प्रोग्रामवर काम करणं म्हणजे स्वतःच्या धंद्याला पहिल्याच दिवशी भोक पाडणं.

विकत घेताना एकच गोष्ट समोर बसून बघावी: लायसनच्या अकाउंटला ईमेल कोणाचा टाकला जातोय. पुष्कळदा दुकानदार सोयीसाठी स्वतःचा टाकतो. पुढे लॅपटॉप बदलला, लायसन एका मशीनवरून सोडून दुसऱ्यावर चालू करायचं झालं, की प्रत्येक वेळी त्याच्या दारात जावं लागतं. आणि डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉपवरच टाकावं. अर्धं काम गिऱ्हाइकाच्या गादीवर बसून होतं.

सिल्व्हरची मोठी बाजू म्हणजे एका लायसनवर कितीही कंपन्या (टॅलीत एका गिऱ्हाइकाची वही म्हणजे एक कंपनी) उघडता येतात. गिऱ्हाईक वाढलं म्हणून खर्च वाढत नाही. कीबोर्डवरचा वेग तर सर्वांना माहीतच आहे, त्यावर वेगळं लिहायला नको.

खरी परीक्षा होते ती इथल्या मालावर. जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचं, उदाहरण घ्या. नोंदणीकृत जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा टॅक्स शेतकरी भरत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो उलट्या आकारणीने, म्हणजे आरसीएमने, घेणाऱ्यावर आहे, दर ५ टक्के. टॅलीत कापसाच्या स्टॉक आयटमलाच रिव्हर्स चार्ज 'येस' करून ठेवायचा, शेतकऱ्याचं लेजर (खातं) अनरजिस्टर्ड ठेवायचं, आणि महिनाअखेरीला जर्नलमध्ये ऑल्ट-जे दाबून स्टॅट अ‍ॅडजस्टमेंटची (टॅक्स जुळवायची) नोंद टाकायची: देणं वाढलं, क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावटही, वाढलं. ३बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, हा आकडा दोन जागी दिसायला हवा, ३.१(ड) मध्ये देणं आणि ४(अ)(३) मध्ये क्रेडिट. नवशिके क्रेडिटची बाजू घेतात आणि देण्याची विसरतात, किंवा आरसीएमचं देणं जमा क्रेडिटमधून वळतं करू बघतात. ते चालत नाही. आरसीएम जीएसटी पोर्टलवरच्या रोखीच्या लेजरमधूनच भरावा लागतो. मालकाला हे सीझनच्या आधीच सांगून ठेवावं, कारण भर खरेदीत एवढी रोकड अडकते तेव्हा तो चिडतो तुमच्यावर. शिवाय माल आल्यापासून ३० दिवसांत स्वतःच स्वतःच्या नावाने बिल बनवावं लागतं, तेही टॅलीतून क्रमाने छापून ठेवावं.

कापसाचं जिनिंग झालं की त्याची रुई, सरकी आणि घट होते. रुई साधारण तेहतीस-पस्तीस टक्के निघते, बाकी बहुतेक सरकी. हे सगळं मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये (कच्च्याचा पक्का माल झाल्याच्या नोंदीत) बसतं: खाली कापूस खर्ची, वर रुई तयार माल, सरकी उपउत्पादनात, तिला किंमतीचा टक्का लावून. हा टक्का सोडून दिला की सगळा खर्च रुईवर पडतो, सरकी फुकटात आल्यासारखी दिसते आणि अखेरचा साठा खोटा निघतो. या कामाला टॅलीला पैकीच्या पैकी मार्क.

डाळमिलमध्ये आयटम नीट तोडणं महत्त्वाचं. २५ किलोपर्यंतची छापील, बंद पिशवी ५ टक्क्यांत, ३० किलोचं पोतं माफ. एकाच 'तूरडाळ' आयटमवर दोन्ही विकलं तर जीएसटीचा मेळ कधीच लागणार नाही. नंदुरबारच्या मिरचीचंही तसंच: ओली मिरची माफ, पथारीवर वाळली की ५ टक्के, आणि वजनही उतरतं. दोन आयटम, मध्ये स्टॉक जर्नल (एका आयटमचा माल दुसऱ्यात वळवायची नोंद). सावदा-रावेरकडच्या ताज्या केळीला जीएसटीच नाही. तिथे फक्त शेतकऱ्यांची खाती आणि भाड्याच्या गाड्या सांभाळायच्या.

आता दुखणं. ते बॅकअपमध्ये आहे. बऱ्याच दुकानांत अजून टॅली ईआरपी ९, म्हणजे प्राइमच्या आधीचं टॅली, चालतं. त्यांचा बॅकअप आणून नव्या प्राइममध्ये उघडला की डेटा नव्या रूपात बदलतो, आणि तो परत त्यांच्या जुन्या मशीनवर उघडत नाही. तुम्ही नोंदी करून पेनड्राइव्ह दिलात, दुकानात काहीच दिसत नाही, ओरडा तुमच्या नावाने. काम घेतानाच ठरवून टाकावं की मूळ डेटा कोणाकडे. दोन्हीकडे नोंदी करायच्या नाहीत; तुमच्याकडे असेल तर त्यांना पीडीएफ आणि एक्सेल द्यायचं, बस्स.

दुसरा फास त्याहून वाईट. टॅली प्रत्येक कंपनीला आकड्याच्या नावाचं फोल्डर देतं, आणि प्रत्येक मशीनवर हे आकडे एकाच ठिकाणापासून सुरू होतात. म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या कंपन्यांचा आकडा सहज एकच निघतो. दोघांचा बॅकअप एकाच जागी रिस्टोअर केला तर दुसरा पहिल्यावर बसतो. टॅली विचारतं, पण घाईत 'हो' दाबलं जातं. उपाय साधा: डी ड्राइव्हवर प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं फोल्डर, आणि रिस्टोअर करताना ऑल्ट-वाय मधून गेल्यावर ठिकाण दरवेळी वाचून बघणं. डेटा पेनड्राइव्हवरून थेट उघडू नये. डेस्कटॉपवर काम असेल तर यूपीएस हवाच. नोंद होता होता लाइट गेली की रिपेअर करत बसावं लागतं. आणि टॅलीव्हॉल्टचा (कंपनीचा डेटा कुलूपबंद करायच्या सोयीचा) पासवर्ड विसरला तर तो कोणीही काढून देऊ शकत नाही, तेव्हा तो वहीत लिहून कुलपात ठेवावा.

सिल्व्हरमध्ये नाही ते असं: कोणत्या गिऱ्हाइकाचं रिटर्न बाकी, कोणाची फी थकली, हे बघायची सोय. त्याला एक एक्सेलचा तक्ता पुरतो. स्वतःच्या नावाने रिटर्न भरायचं तर जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी वेगळी करावी लागते: कॉमर्स, कायदा, बँकिंग किंवा मॅनेजमेंटची पदवी, पीसीटी-०१ अर्ज, आणि नासिनची (केंद्राच्या टॅक्स प्रशिक्षण संस्थेची) परीक्षा, १०० प्रश्न, २०० गुण, पास व्हायला १००, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. टॅली कितीही येत असलं तरी त्याने हा टप्पा चुकत नाही.

आणि रिटर्न तयार झालं तरी ओटीपी गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर जातो. २० तारखेला दुपारी आडतीवर लिलाव चालू असताना तो फोन उचलणार नाही. उशीर झाला तर ३बी ला दिवसाला ५० रुपये, निरंक असेल तर २० रुपये. १७ किंवा १८ तारखेला सकाळी दुकान उघडायच्या वेळी जाऊन समोरच ओटीपी घ्यावा, फीचंही तेव्हाच विचारावं.