एसक्यूएम-एल: आभाळ किती काळं, याचा चोख हिशेब

घरच्या अंगणातून आकाश बघणाऱ्याला रोज संध्याकाळी एकच प्रश्न पडतो: आज दुर्बीण बाहेर काढावी का? युनिहेड्रॉनचं एसक्यूएम-एल, म्हणजे स्काय क्वालिटी मीटर, मी त्यासाठीच घेतलं. काळोख किती आहे, एवढं ते चोख सांगतं. हवा कशी आहे ते सांगत नाही, आणि हे आधी माहीत असलेलं बरं.

यंत्र हातात मावतं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. सरळ डोक्यावर रोखायचं, बटण दाबायचं आणि हात स्थिर ठेवायचा. दिव्यांच्या वस्तीत आकडा लगेच येतो. काळोख गडद असेल तर वेळ लागतो, कारण सेन्सरपर्यंत उजेडच कमी पोचतो. आकडे तांबडे आहेत, त्यामुळे अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही. पहिलं रीडिंग मी सोडून देतो आणि पुढच्या तीन-चारांची सरासरी वहीत लिहितो.

हा आकडा दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) किती प्रत, अशा हिशेबात असतो; प्रत म्हणजे तेजाचं माप, इंग्रजीत मॅग्निट्यूड. आकडा मोठा तितकं आभाळ काळं. मोठ्या शहरात १७-१८ मिळतो, दिव्यांचा स्पर्शच नसलेल्या जागी २२ च्या आसपास. प्रतीचं गणित गुणाकाराचं आहे: १८ आणि २१ मध्ये फरक तीनचाच दिसतो, पण १८ चं आभाळ जवळजवळ १६ पट उजळ असतं. आभाळ किती काळं ते ठरवणारी, जॉन बोर्टल यांची २००१ सालची नऊ पायऱ्यांची पट्टीही मला आवडते. फक्त ती बघणाऱ्याच्या नजरेवर चालते, आणि दोन माणसांची नजर सारखी नसते.

घ्यायचं तर ‘एल’च घ्या. साधं मॉडेल सुमारे ८४ अंशांचं आभाळ एकदम मोजतं, लेन्सवालं ‘एल’ सुमारे २० अंशांचं. अंगणात भिंत, झाड, शेजारचा दिवा यांपैकी काहीतरी असतंच, आणि साध्या मॉडेलमध्ये ते सगळं आकड्यात मिसळतं.

खरी गंमत ढगांची. शहराजवळ ढग आले की ते खालचा उजेड परत पाठवतात आणि आकडा घसरतो. वस्तीपासून लांब, काळोख्या जागी मात्र तेच ढग आकडा वाढवतात, कारण तिथे ते वरून येणारा उजेड झाकतात. म्हणून २२ च्या वरचा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नका, आधी मान वर करून बघा. डोक्यावर आकाशगंगा असली तरी आकडा थोडा खाली येतो, त्यात हवेचा दोष नाही. चंद्र मावळलेला आणि सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेलेला असेल, तेव्हाचंच रीडिंग तुलनेला घ्यावं.

हवेची पारदर्शकता मी ताऱ्यांवरून ताडतो. वसिष्ठाशेजारची अरुंधती नीट वेगळी दिसते का? कृत्तिकेत सहा तारे मोजता येतात का? पुष्यातला तारकागुच्छ धुरकट ठिपक्यासारखा दिसला तर हवा स्वच्छ आहे. तो दिसेनासा झाला की पाऊस येणार, असं प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक मानत.

तिसरी गोष्ट सीइंग, म्हणजे हवेची स्थिरता. डोक्यावरचे तारेही लुकलुकत असतील तर शनीची कडी थरथरणार, मग मीटर २१ दाखवो की १८. अभिजितजवळच्या एप्सिलॉन लायरे या जोडताऱ्यावर दुर्बीण लावा. त्याच्या दोन ताऱ्यांपैकी प्रत्येक पुन्हा दुहेरी आहे. चारही सुटे दिसले तर ती रात्र ग्रहांसाठी उत्तम, आभाळ उजळ असलं तरी.

त्यामुळे ज्यांचा जीव चंद्र, गुरू आणि शनी यांत अडकला आहे, त्यांनी हा पैसा चांगल्या आयपीसवर, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगावर, घालावा. तेजोमेघ आणि दीर्घिका शोधणाऱ्यांना मात्र मी हे मीटर बिनदिक्कत सुचवेन. वही ठेवत असाल तर एक सांभाळा: रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तर त्या तारखेवर खूण करा. दोन्ही उजेडांचे रंग वेगळे, आणि सेन्सरला ते डोळ्यांसारखेच दिसत नाहीत. खुणेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.