सांगलीकरांनी काय घ्यावं: एक्सबॉक्स सिरीज एस की प्लेस्टेशन ५?

कपाटात जुना एक्सबॉक्स ३६० आहे आणि आता नवीन मशीनही एक्सबॉक्सच घ्यायचं मनात आहे, असे बरेच जण सांगली-मिरजेत भेटतात. एक्सबॉक्सच्या ‘हॅलो’ या गेमवर माझाही तितकाच जीव होता. तरी आज माझा कौल प्लेस्टेशन ५ ला आहे, आणि तोही डिस्कवाल्याच मॉडेलला.

सिरीज एस स्वस्त पडतो आणि फुल एचडी टीव्हीवर चित्रही छान दिसतं. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये गेमसाठी साधारण ३६४ जीबीच जागा उरते, म्हणजे दोन-तीन मोठे गेम टाकले की पुसापुशी सुरू. पण मोठी अडचण वेगळीच आहे. त्याला डिस्क घालायची सोयच नाही. ३६० चे कितीतरी गेम नव्या एक्सबॉक्सवर चालतात हे खरं, पण तुमच्याकडच्या डिस्क वापरायच्या तर सिरीज एक्स लागेल, आणि तोही ड्राइव्ह असलेला. मार्करनं नाव लिहिलेल्या कॉपी डिस्क तर त्यातही चालणार नाहीत.

आपल्याकडे डिस्कला फार किंमत आहे. विश्रामबागेतल्या पोरानं गेम संपवला की डिस्क मिरजेच्या मित्राकडे जाते, नाहीतर विकून पुढच्या गेमचे थोडे पैसे सुटतात. डिजिटल गेम घेतला की तो तुमच्याच खात्यात अडकला.

एक्सबॉक्सवरून लोकांचं मन उडालं तेही डिस्कच्याच मुद्द्यावर. ३६० च्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की मशीन गेलं, हे चाहत्यांनी सोसलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली. पण २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आणताना त्यांनी दर २४ तासांनी इंटरनेट तपासणी आणि जुने गेम देण्याघेण्यावर बंधनं जाहीर केली. वर किनेक्ट हा हालचाली टिपणारा कॅमेरा गळ्यात मारून किंमत ४९९ डॉलर. प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. प्लेस्टेशनवाल्या सोनीनं तर एका छोट्या व्हिडिओत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात डिस्क देऊन दाखवली, बस्स. त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं ते नियम मागे घेतले, पण गेलेला विश्वास परत आला नाही. भारतातही प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये आला, एक्सबॉक्स वन सप्टेंबरात.

आता खास एक्सबॉक्सच्या गेमसाठी त्याचंच मशीन घ्यावं असं कारणही विरळ झालंय. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ २०२४ मध्ये आणि ‘फोर्झा होरायझन ५’ २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आले. जुन्या चाहत्याला हे लागतं, मलाही लागलं.

गेम पास, म्हणजे वर्गणी भरून बरेच गेम खेळायची एक्सबॉक्सची सोय, मात्र खरोखर चांगला आहे. घरी वेगवान फायबर असेल, दर महिन्याला वेगळं काही खेळायचं असेल आणि गेम स्वतःचा असण्याचा आग्रह नसेल, तर सिरीज एस खुशाल घ्या. फक्त वर्गणीचा वर्षाचा खर्च मशीनच्या किमतीत मिळवून मग तुलना करा.

प्लेस्टेशन ५ सेकंड हँड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरीच डिस्क घालून गेम सुरू होईपर्यंत थांबा आणि एचडीएमआयची पिन सैल नाही ना, बघा. २०२३ नंतरच्या स्लिम मॉडेलचा ड्राइव्ह सुटा निघतो आणि नव्यानं जोडल्यावर एकदा इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. ते काम पैसे देण्याआधी समोर करून घ्या.