टायरचे सेन्सर बदलले म्हणून १६,४०० घेतले, बदललं काहीच नव्हतं

हे लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण रागात लिहिलं तर नीट सांगता येणार नाही म्हणून थांबले होते. ज्यांच्या गाडीत टायर प्रेशरचा दिवा आहे, म्हणजे ते टीपीएमएस (चाकाच्या आतल्या सेन्सरवरून टायरची हवा मोजून कमी झाली की दिवा लावणारी सिस्टिम), त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

मी नाशिकला पंचवटीत हिरावाडीला राहते, निफाडला शाळेत शिकवते, रोज सकाळी पावणेसातला गाडी काढते. जानेवारीत निफाडला थंडी काय असते ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्या आठवड्यात तर ओढा सोडलं की द्राक्षबागांमधे शेकोट्यांचा धूर दिसायचा, मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटेपासून जाळ करून बसलेले. अशाच एका सकाळी चांदोरीच्या अलीकडे डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह. गाडी बाजूला घेतली, चारही टायर फिरून बघितले, डोळ्याला काही कळेना. स्क्रीनवर चारही टायरच्या हवेचे आकडे (पीएसआयमधे) होते २६, २६, २७, २६. फोटो काढून मिस्टरांना पाठवला आणि शाळेत गेले.

संध्याकाळी येताना हायवेवरच्या एका मोठ्या टायरच्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. काचेची केबिन, एसी, चहा, सगळं व्यवस्थित. मुलाने हातातलं मशीन गाडीला लावलं, स्क्रीनवर लाल पट्टी आली ती मला दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, चारही सेन्सरच्या बॅटऱ्या डेड आहेत, थंडीत जातात, असंच चालवलं तर टायर फुटला तरी कळणार नाही." एक सेन्सर ३,६०० आणि प्रोग्रॅमिंग चाकामागे ५००, म्हणजे १६,४००. मिस्टरांना फोन केला, ते म्हणाले तू एकटी रोज त्या रोडने जातेस, सेफ्टीचा प्रश्न आहे, करून टाक. मी केबिनमधे बसले, गाडी मागच्या शेडमधे नेली, २५ मिनिटांत "झालं मॅडम". दिवा बंद, आकडे सगळीकडे ३३. जुने सेन्सर द्या म्हटलं तर म्हणे ते ई-वेस्टला जातात. बिल मागितलं तर एस्टिमेट लिहिलेला कच्चा कागद, त्यावर फक्त "सेन्सर सर्व्हिस", ना पार्ट नंबर ना जीएसटी. पैसे यूपीआयने दिले, तेवढं मात्र बरं झालं.

तीन आठवड्यांनी दिवा परत लागला. दुकानात फोन केला तर तोच मुलगा म्हणतो, "मॅडम, थंडीत हवा आकसते, प्रेशर कमी होतं, दिवा लागणारच, सेन्सरला काही झालेलं नाही." मी फोन ठेवला आणि दोन मिनिटं तशीच बसून राहिले. हेच वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पेट्रोल पंपावर फुकटात काम झालं असतं.

पण या वेळी तीन चाकं ३० ला आणि फक्त मागचं डावं २५ होतं, म्हणून चांदोरीतच पंक्चरवाल्या काकांकडे थांबले. खिळा निघाला, तोही कडेला. काका म्हणाले ताई, बाहेरून स्ट्रिप मारून इथे टिकणार नाही, टायर उतरवून आतून पॅच लावू. व्हॉल्व्हला हात लावला आणि आधी विचारलं, आत सेन्सर आहे ना, मग व्हॉल्व्हच्या उलट्या बाजूने टायर सोडवला, कारण टायर सोडवायची पट्टी सेन्सरवर बसली की तो तुटतो म्हणे. टायर उघडला. आत रिमला काळपट धूळ, व्हॉल्व्हच्या नटाभोवती पांढरी बुरशीसारखी पावडर धरलेली, आणि सेन्सरवर गाडीच्या कंपनीचं चिन्ह आणि वर्ष २०२०. आमची गाडी २०२१ च्या सुरुवातीची. काकांनी रिमला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही दाखवली, त्यांच्यावर चिखलाचा थर जसाच्या तसा. म्हणाले, "ताई, हे चाक कोणी उघडलेलंच नाही. सेन्सर बदलायचा तर टायर रिमवरून सोडवायला लागतो, परत बॅलन्सिंग करायला लागतं, चार चाकांना दीड-दोन तास कुठे गेले नाहीत." पॅचचे १५० घेतले, वरती दहा रुपये द्यायला लागले तर घेतले नाहीत.

रात्री भाच्याला फोन केला, तो जर्मनीत असतो. तिकडे ऑक्टोबरला सगळे उन्हाळी चाकं काढून हिवाळी चाकं लावतात आणि ईस्टरच्या सुमारास परत बदलतात, त्यामुळे त्याला या सेन्सरचं सगळं माहिती. त्याच्याकडे दुसऱ्या सेटमधे वेगळे चार सेन्सर आहेत, प्रत्येकाचा स्वतःचा नंबर असतो, काही गाड्या थोडं चालवल्यावर तो नंबर आपोआप ओळखतात आणि काहींना मशीनने भरावा लागतो. चाकात सेन्सरच नसेल तर दिवा पूर्ण हिवाळा तसाच राहतो. मी त्याला त्या सकाळचा फोटो पाठवला तर तो लगेच म्हणाला, "अगं मावशी, बॅटरी मेली असती तर २६ चा आकडा आला कुठून? बंद सेन्सर आकडा पाठवत नाही, तिथे नुसत्या रेघा येतात." आणि दिवा स्थिर होता का लुकलुकत होता हेही विचारलं. बहुतेक गाड्यांत हवा कमी असेल तर दिवा स्थिर राहतो, आणि सिस्टिममधेच बिघाड असेल तर गाडी चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. माझा पहिल्यापासून स्थिर होता. बॅटरी सीलबंद असते, साधारण ५ ते १० वर्षं चालते, आणि तापमान ५-६ अंशांनी उतरलं की प्रेशर साधारण १ पीएसआयने उतरतं. मी हवा भरली होती दिवाळीत, तीही दुपारी, गाडी चालवून टायर तापलेले असताना. म्हणजे ३३ दिसले तरी खरे ३० च होते, पुढे दोन महिन्यांत थोडी हवा अशीच जाते, आणि वर निफाडची पहाट.

फोटो घेऊन दुकानात गेले. आधी तिथल्या लोकांनी आवाज चढवला, मग मालक बाहेर आला, म्हणाला मुलाची चूक झाली, ६,००० परत घ्या आणि विषय मिटवा. मी घेतले नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, दुकानवाल्यांनी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पुरावे म्हणून त्या सकाळचा फोटो, यूपीआयची नोंद, तो कच्चा कागद आणि काकांच्या दुकानात काढलेला सेन्सरचा फोटो जपून ठेवलाय. काका म्हणाले, ताई, गरज पडली तर मी येऊन सांगतो काय बघितलं ते.