सोलापूरच्या बाजारातलं टॅगिंगचं सामान जंगलातल्या प्लॉटला कितपत चालतं?

सोलापूर जिल्हा माळरानाचा, इथे जुनं सदाहरित जंगल नाही. तरी कोयना-राधानगरीकडे प्लॉट (झाडांना नंबर लावून काही वर्षांनी पुन्हा मोजायचा जंगलाचा आखीव तुकडा) आखायला निघालेल्यांना टॅग, खिळे, टेप, रंग हे सगळं नव्या पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात एकदम मिळतं.

ॲल्युमिनियमचे टॅग झकास. नंबर पंचाने ठोकून देतात, त्यामुळे पावसात पुसायचा प्रश्न नाही. १० सेंमीच्या पुढच्या व्यासाची झाडं हेक्टरी साधारण ४०० ते ७०० असतात, त्या हिशेबाने सलग नंबर सांगा. भोक मात्र मोठं पाडून घ्या, टॅग खिळ्यावर सैल हलला पाहिजे.

खिळे तिथले नकोच. टॅगबरोबर लोखंडी खिळे देतात. ओल्या जंगलात लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम झिजतं, भोक फाटतं, टॅग गळतो. पुढच्या मोजणीत ते झाड ओळखू येत नाही आणि कागदावर मरतं. १००० पैकी पाच वर्षांनी ९१० जिवंत सापडली, तर वार्षिक मृत्युदर १.८९ टक्के (दोन्ही संख्यांच्या नैसर्गिक लॉगमधला फरक भागिले ५). त्या ९० ‘मृतां’तल्या २० झाडांचे नुसते टॅग पडलेले असतील, तर खरा दर १.४५. अशा जंगलात हा दर मुळात एक-दोन टक्क्यांच्या घरातला. एवढी चूक दुष्काळाच्या नावावर सहज खपते!

म्हणून खिळेही ॲल्युमिनियमचेच शोधा, आणि निम्मा खिळा बाहेर ठेवा, नाहीतर वाढतं खोड टॅग गिळतं. घेर मोजायचा १.३० मीटरवर, खिळा त्याच्या ३० सेंमी वर. खिळ्याभोवती खोड फुगतं आणि माप बिघडतं. मापाच्या रेषेला दुकानातला पिवळा ऑइल पेंट चालतो.

टेप फायबरचा घ्या, शिंप्याचा कापडी ताणतो. शून्य कडीच्या टोकापासून धरलंय की पट्टीवर छापलंय, ते काउंटरवरच पाहा. आधारमुळं (बुंध्याशी फळीसारखी पसरलेली मुळं) असलेल्या झाडांचं माप त्या मुळांच्या ५० सेंमी वर घ्यावं लागतं, तेव्हा तीन मीटरचा टेप अपुरा पडतो; पाचचा बरा.

नोंदवहीत ‘मृत’ एवढंच लिहू नका. उभं वाळलं, खोड मोडलं की मुळासकट उन्मळलं, हे वेगळं लिहिलं तरच वादळाचा फटका आणि पाण्याचा ताण निराळे काढता येतात. पावसात टिकणारा कागद या दुकानात नाही. साधी वही, प्लास्टिकची पिशवी आणि शिसपेन्सिल न्या.