अल्बम, कार्यक्रम की लाइव्ह रेकॉर्डिंग: स्वतःची गाणी करणाऱ्यानं कशातून शिकावं?

स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतःच रेकॉर्ड करणाऱ्या माणसाकडे वेळही बेताचा असतो आणि पैसाही. पाठीशी कंपनी नसते, हाताला धरून शिकवणारं कुणी असेलच असं नाही. शिकायचं ते बरंचसं दुसऱ्यांच्या संगीतातून. मग आवडत्या लोकांचे अल्बम पारायण केल्यासारखे ऐकावेत, की त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन समोर उभं राहावं? की लाइव्ह अल्बम ऐकून दोन्ही साधावं? ‘जमेल तसं सगळंच करा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा उपयोगही होत नाही. या तीन गोष्टी तीन वेगळी कामं करतात. माझं मत आधीच सांगतो: अजून सुरुवातच होत नसेल तर कार्यक्रमाला जा, गाणी अर्धवट पडून राहत असतील तर एक अल्बम धरा, आणि लाइव्ह रेकॉर्डिंगकडे वळायचं ते स्वतः स्टेजवर उभं राहायला लागल्यावर.

सुरुवात होत नसेल तर

1976 च्या फेब्रुवारीत हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे दोन विद्यार्थी एका संगीत साप्ताहिकातला मजकूर वाचून सेक्स पिस्टल्स नावाच्या नव्या बँडला ऐकायला गेले. ऐकलं आणि ठरवलं की या बँडला मँचेस्टरला आणायचं. त्यांनीच धडपड करून लेसर फ्री ट्रेड हॉल ठरवला आणि 4 जून 1976 ला कार्यक्रम झाला. प्रेक्षक जेमतेम 40 च्या आसपास. त्यात बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते. हुकनं दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली, आणि या दोघांनी पुढे उभा केलेला बँड म्हणजे जॉय डिव्हिजन. पुढे द स्मिथ्स या बँडचा गायक झालेला मॉरिसीही त्या गर्दीत होता, खरं तर त्या विरळ हॉलमध्ये होता.

त्या संध्याकाळचं वादन थोर नव्हतं. समनर पुढे हेच सांगत आला आहे की बँड कच्चा होता, आणि म्हणूनच आपणही हे करू शकतो असं वाटलं. स्टुडिओत घडवलेल्या अल्बमला हे काम जड जातं. तिथे सगळं नीटनेटकं, जुळवलेलं, चुका काढून टाकलेलं असतं. नवखा ऐकणारा दिपून जातो आणि गिटार कोपऱ्यात ठेवून देतो. कार्यक्रमात मात्र समोर आपल्यासारखीच माणसं दिसतात. तार उतरते, गायकाचा श्वास कमी पडतो, ड्रम वाजवणारा पोरगा गाणं दीडपट वेगात सुरू करतो आणि तरीही गाणं पार पडतं.

छोट्या जागेत, स्टेजपासून दहा-बारा फुटांवर उभं राहिलात तर आणखी बरंच काही हाती लागतं. तीन जणांचा बँड घ्या. दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवाला खाली वाकून तारा लावतोय, तेवढ्यात गायिका दोन वाक्यं बोलून वेळ भरून काढते. ड्रमर तिच्या पाठीकडे बघत काठ्या हवेत धरून थांबलेला आहे, ती माइककडे वळली की तो चार मोजणार. पायापाशी चिकटपट्टीनं लावलेला कागद आहे, त्यावर गाण्यांचा क्रम आणि एकदोन गाण्यांपुढे पट्टी बदलल्याची खूण. संथ गाणं संपल्यावर लगेच दुसरं संथ गाणं घेतलेलं नाही. मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज येत नाही म्हणून ती एक कान झाकून गाते. यातलं काहीही अल्बमवर ऐकू येत नाही, आणि स्वतःचे पहिले चार कार्यक्रम करताना याचीच गरज पडते.

म्हणून कार्यक्रम निवडताना मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका. मैदानावरच्या कार्यक्रमात वादकांच्या कानात मॉनिटर असतात, लय धरून ठेवणारी ठोक्याची टिकटिक (क्लिक) चाललेली असते, दिव्यांची प्रत्येक उघडझाप आधी ठरलेली असते. बघायला ते अप्रतिम असतं, पण नव्या माणसाला त्यातलं उचलता काय येईल? तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे असलेला बँड शोधा. मुख्य कलाकाराआधी वाजवणाऱ्यांना चुकवू नका, खरा धडा बहुतेक वेळा तिथेच असतो. शक्य असेल तर साउंडचेकलाच, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून पाहतात तेव्हाच, हजर राहा.

कार्यक्रमाची उणी बाजूही मोठी आहे. तो एकदाच घडतो, आणि घरी येईपर्यंत आठवण त्याला रंग चढवायला लागते. कोणत्या कॉर्डवरून कोणत्या कॉर्डवर गेले, कडवं किती मात्रांचं होतं, हे दुसऱ्या दिवशी विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. कार्यक्रम उमेद देतो, वावर शिकवतो. गाण्याची बांधणी त्यातून क्वचितच हाताला लागते.

गाणी पुरी होत नसतील तर

इथे अल्बमला पर्याय नाही. अल्बम म्हणजे कुणीतरी पक्के केलेले शेकडो निर्णय. काय ठेवलं, काय काढलं, कुठे थांबलं, हे सगळं कायमचं नोंदलेलं असतं आणि तुम्ही ते हवं तितक्यांदा तपासू शकता.

इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकचा 1972 चा ‘पिंक मून’ बघा. ऑक्टोबर 1971 मध्ये दोन रात्रींत रेकॉर्ड झालेला, स्टुडिओत फक्त ड्रेक आणि इंजिनिअर जॉन वुड. 11 गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. आवाज आणि अकूस्टिक गिटार, बस. फक्त शीर्षकगीतात मध्येच पियानोची एक छोटी ओळ येते आणि निघून जाते. पुढच्या दहा गाण्यांत पियानो पुन्हा येत नाही. हेडफोन लावून ती जागा पाच-सहा वेळा ऐका. ती ओळ येण्याआधी गिटार काय करते, ती गेल्यावर किती मोकळं वाटतं, गायलेले शब्द तिथे थांबलेले आहेत की चालू आहेत, हे वहीत लिहा. एका वाद्याचा एवढा कमी वापर करूनही गाणं कसं उजळतं हे कळलं की आपल्या गाण्यात भरलेले सहा ट्रॅक आपोआप खटकायला लागतात.

दुसरं उदाहरण अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’चं. स्प्रिंगस्टीन मोठ्या कंपनीचा कलाकार, त्यामुळे त्याला स्वतंत्र म्हणता येणार नाही. पण हा अल्बम घरी गाणी करणाऱ्या प्रत्येकानं अभ्यासावा असा आहे. जानेवारी 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, कॅसेटवर चार ट्रॅक घेणाऱ्या टास्कॅमच्या पोर्टास्टुडिओवर त्यानं ही गाणी उतरवून घेतली. हेतू एवढाच की बँडला ऐकवता यावीत. नंतर संपूर्ण बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटवरचा एकटेपणा त्यात उतरेना. शेवटी सप्टेंबर 1982 मध्ये कॅसेटवरच्याच त्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. डेमोत, म्हणजे कच्च्या नमुना रेकॉर्डिंगमध्ये, जे आहे ते पुढच्या आवृत्तीत वाढलं की हरवलं, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय या एका अल्बमनं लागू शकते. लॅपटॉपवर अमर्याद ट्रॅक हाताशी असलेल्या आजच्या माणसाला तर ती जास्तच हवी.

अल्बमची एक वेगळी जातही आहे: स्टेजचा विचारच न करता घडवलेली. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ ऑगस्ट 1966 मध्ये आला. त्याच महिन्यात ते शेवटच्या दौऱ्यावर निघाले, पण त्यात या अल्बममधलं एकही गाणं वाजवलं नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डनं तर 1964 मध्ये जाहीर कार्यक्रम कायमचे सोडले आणि पुढचं सगळं काम स्टुडिओत केलं. स्टुडिओ हेच ज्याचं वाद्य आहे त्याच्यासाठी अल्बमच गुरुस्थानी. संगणकावर बीट रचणारे, आवाजांचे थर लावणारे यांनी कार्यक्रम चुकवल्याची फार खंत करू नये.

मात्र आवडता अल्बम आणि घडवणारा अल्बम एकच असतो असं धरून चालू नका. ही गल्लत फार जण करतात. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 1991 चा ‘लव्हलेस’ मला अतिशय प्रिय आहे. पण तो तयार व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला, कितीतरी स्टुडिओ आणि इंजिनिअर बदलले. घरच्या खोलीत एक माइक घेऊन बसलेल्यानं तोच आवाज काढायचा ध्यास घेतला तर पदरी निराशाच येते. घडवणारा अल्बम आपल्या साधनांच्या आवाक्यातला हवा. आवडता अल्बम खुशाल आवाक्याबाहेरचा असू दे.

आणि अल्बमची मर्यादाही ओळखून असावं. भीमसेन जोशींची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे: अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणं शिकायला मुलगा घराबाहेर पडला. त्या काळच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटं मावत. तीन मिनिटांनी एवढं वेड लावलं, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ताकद काही कमी नाही. पण गाणं हाती आलं ते सवाई गंधर्वांसमोर बसून. रेकॉर्ड काय गायचं ते सांगते. श्वास कुठे घेतला, शरीर कसं ठेवलं, चुकल्यावर कसं सावरलं, हे समोरचा माणूसच दाखवतो.

लाइव्ह अल्बम: मधला मार्ग की वेगळाच मार्ग?

घरबसल्या कार्यक्रम, अशी लाइव्ह अल्बमची ख्याती. ती पूर्ण खरी नाही. अमेरिकन गायक जॉनी कॅशनं 13 जानेवारी 1968 ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात केलेल्या कार्यक्रमाचा अल्बम गाजला. त्यातल्या पहिल्याच गाण्यात रेनोमध्ये माणूस मारल्याची ओळ येते आणि कैद्यांचा जल्लोष उसळतो. तो जल्लोष त्या क्षणी झालेला नव्हता, नंतर स्टुडिओत तिथे बसवला गेला. अल्बम म्हणून ते चपखल आहे. पण प्रेक्षक कोणत्या जागी कसे प्रतिसाद देतात हे कुणी त्यावरून शिकायला गेलं तर फसगत होईल.

याउलट 25 जून 1961 ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये रेकॉर्ड झालेलं जाझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचं वादन. पियानोच्या मागे ग्लासांची किणकिण ऐकू येते, लोकांच्या गप्पा ऐकू येतात. कुणी जीव ओतून वाजवतंय आणि दोन टेबलांपलीकडे कुणाचं लक्षही नाही. छोट्या जागी वाजवणाऱ्या कुणालाही हे चित्र परकं वाटणार नाही. स्कॉट लफारोच्या बेसकडे कान लावा: तो पियानोला नुसता ठेका पुरवत नाही, बरोबरीनं बोलतो. दीड आठवड्यानं तो मोटार अपघातात गेला, वय 25. त्या त्रयीचं स्टेजवरचं काम आपल्यासाठी राहिलं ते मुख्यतः या एका दिवसाचं.

स्टेजवर उतरलेल्यांसाठी मी सगळ्यात वर ठेवीन ते फुगाझीचं लाइव्ह भांडार. या बँडनं 1987 ते 2002 मध्ये हजाराहून जास्त कार्यक्रम केले, तिकीट मुद्दाम कमी ठेवून आणि सगळ्या वयाच्या लोकांना दार उघडं ठेवून. त्यातल्या 800 हून अधिक कार्यक्रमांची रेकॉर्डिंग उपलब्ध आहेत, फारशी डागडुजी न केलेली. एकच गाणं चार वेगवेगळ्या वर्षांतलं ऐका. लय कुठे वाढली, मधला वादनाचा भाग कसा लांबत गेला, एक गाणं संपता संपता दुसऱ्यात कसे शिरले, हे कळत जातं. एका कार्यक्रमाला जाऊन हे कळणार नाही आणि स्टुडिओ अल्बम ऐकूनही नाही. तिसरा पर्याय खरोखर तिसरा ठरतो तो इथे.

मग कुणी काय धरावं?

एकटा आवाज आणि एक वाद्य असं ज्याचं काम आहे, त्यानं आधी अल्बम धरावा. उघडं गाणं कसं उभं राहतं हे कानाला कळलं पाहिजे. बँड करणाऱ्यांनी चौघांनी मिळून एकाच छोट्या कार्यक्रमाला जावं आणि प्रत्येकानं आपल्या वाद्याकडेच बघावं. परतताना जी चर्चा होते ती तालमीइतकीच मोलाची असते. गीतं लिहिता येतात पण चारचौघांत गाता येत नाही, अशांनी अल्बम काही महिने बाजूला ठेवले तरी चालेल. ऐकण्यात लपून राहणं फार सोपं असतं.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर? लहान बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट घ्या, आणि गाणी आवडली तर त्यांचा अल्बम तिथेच त्यांच्या हातून घ्या. डिव्होटो आणि शेलीच्या बझकॉक्सनं डिसेंबर 1976 मध्ये उसन्या 500 पौंडांत चार गाणी रेकॉर्ड केली आणि पुढच्या महिन्यात ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्या लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’ नावानं आणली. वेष्टनावर त्यांनी प्रत्येक गाणं कितव्या टेकमध्ये (कितव्या प्रयत्नात) झालं आणि त्यावर किती ओव्हरडब केले (नंतर वरून किती भाग वाजवून जोडले) हेही छापलं होतं. ज्याला स्वतःचं रेकॉर्ड काढायचं आहे त्यानं कार्यक्रम संपल्यावर त्या बँडला जाऊन हेच विचारावं: किती टेक, किती माइक, कुठल्या खोलीत. लहान बँडची माणसं सहसा आनंदानं सांगतात.