बाळांची लॅब की फील्ड प्रोजेक्ट? पहिली रिसर्चची नोकरी निवडताय तर

एमए सायकॉलॉजी झालं की चाइल्ड डेव्हलपमेंटमध्ये दोन टाइपच्या पोस्ट दिसतात, एक आय ट्रॅकरवाली (बाळ स्क्रीनवर कुठे बघतंय ते टिपणारं यंत्र) लॅब आणि दुसरं वस्तीत, गावात फिरायचं प्रोजेक्ट. मी दोन्ही केलंय, आधी लॅब मग फील्ड, म्हणून सांगते.

लॅब म्हणजे दिवसभर गोड बाळांशी खेळायचं असं घरच्यांना वाटतं. माझ्याकडे आठवड्याला तीन-चार बाळं यायची, तीही आली तर. आईला फोन करून झोप कधी, दूध कधी विचारून स्लॉट लावायचा आणि नेमकी त्याच दिवशी सर्दी. आलंच तर आईच्या मांडीवर बसवायचं, आईला काळा गॉगल द्यायचा (ती कुठे बघतेय त्यावरून बाळाला हिंट मिळू नये म्हणून), मग स्क्रीनवर नाचणारी चित्रं दाखवून कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रॅकरला त्या बाळाच्या डोळ्यांशी जुळवून घ्यायचं. एकदा सात महिन्यांची एक ठमी डोळे भरून काजळ घालून आली, ट्रॅकरला काही केल्या डोळा सापडेना. बाहेर न्यायचं म्हणून आजीने मुद्दाम घातलेलं, आता पुसा म्हणायची माझी काय हिंमत! गेला तो डेटा.

बाकी सगळा वेळ व्हिडिओ कोडिंग. एकेक फ्रेम पुढे ढकलत बाळ डावीकडे बघतंय, उजवीकडे की भलतीकडेच ते लिहायचं, तेच दुसरा कोडर वेगळं करणार, मग दोघांचा कापा (दोघांचं किती जुळतंय तो आकडा) काढायचा आणि कमी आला की परत बसा. मान जाते अक्षरशः. पण स्टॅटिस्टिक्स आणि त्याचं आर सॉफ्टवेअर मी तिथेच शिकले आणि बाहेर पीएचडीला अप्लाय करताना ते खरंच कामाला येतं.

फील्डवर हातात टेस्टची बॅग. आम्ही डासी वापरायचो, भारतीय बाळांचा विकास मोजायची टेस्ट, बडोद्याच्या मुलांवर बसवलेली, ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी, ६७ आयटम मोटरचे (हालचालींचे) आणि १६३ मेंटलचे. सगळे एका बाळाला द्यायचे नसतात, घाबरू नका. अवघड वेगळंच असतं. मी ठोकळ्यावर ठोकळा ठेवून दाखवला आणि पोरगं विचार करतंय, तेवढ्यात आजी त्याचा हात धरून "असं ठेव रे बाळा, मावशीला दाखव", झालं, आता तो आयटम धरायचा कसा? आजीला न दुखवता मागे बसवणं हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाहीये. पण मूल खरं काय करतं ते मला इथेच कळलं, लॅबमध्ये वीस मिनिटांत नाही. आणि पुण्यात ही परंपरा जुनी आहे, १९९३ ला जवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू झाला, त्यातली पोटातली बाळं पार मोठी होईपर्यंत फॉलोअप चालला.

तोटे? ऊन, एसटी, कुलूप लावलेली घरं, आणि संध्याकाळी फॉर्म भरणं. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये शंभरावर बाळं मी तपासली आणि रिसर्च पेपरमध्ये नाव फक्त आभारात, तेही स्पेलिंग चुकून. अजून राग जात नाही.

पैशांचं म्हणाल तर नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप) असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि वर एचआरए, लॅब असो की फील्ड. नसेल तर प्रोजेक्टच्या बजेटवर, आणि कॉन्ट्रॅक्ट बऱ्याचदा अकरा महिन्यांचं.

माझं मत विचाराल तर क्लिनिकमध्ये किंवा मुलांच्या शाळेत जायचं असेल तर डोळे झाकून फील्ड, पीएचडीच करायची असेल तर लॅब. दोन्हीकडे इंटरव्ह्यूला एवढं विचाराच: आठवड्यात किती तास प्रत्यक्ष मुलांसोबत, कोडिंग कोण करतं, पेपरमध्ये नाव कधी येतं. आणि आधी तिथे काम केलेल्या मुलीचा नंबर मागा, द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी ऑफर घ्या.